ताप वेल्ह्यात, बाटली पुण्यात

भात लावून झालं की भोर आणि वेल्हे तालुक्यांत तापाचे दिवस सुरू होतात. आषाढात गुडघाभर चिखलात लावणी झालेली असते, श्रावणात पाऊस उसंत देत नाही, विहिरीचं नि झऱ्याचं पाणी गढूळ झालेलं असतं, आणि गणपती येईपर्यंत दर दोन-चार घरांआड कोणीतरी कणकणत पडलेलं सापडतं. दोन दिवस अंगावर काढायचे, तिसऱ्या दिवशी जवळच्या डॉक्टरांकडून सुई घ्यायची आणि पाचव्या दिवशीही ताप उतरला नाही तर वेल्हे, नसरापूर किंवा भोर गाठायचं, असा एक ठरलेला क्रम आहे. तिथं रक्त दिलं की तासाभरात छापील कागद हातात येतो. त्यावर टीओ, टीएच, एएच, बीएच अशा चार ओळी आणि प्रत्येकीसमोर १:४०, १:८०, १:१६० असा काहीतरी आकडा. टीओसमोर १:१६० दिसलं की घरात शब्द फिरतो, ‘टायफॉईड निघाला’. मग सलाईन, सुया, पंधरा दिवस मऊ भात आणि लावणीनंतर हातात उरलेल्या पैशांना गळती.

या कागदामागच्या परीक्षेचं नाव विडाल. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या ठिकाणी ती होते, शे-दोनशे रुपयांत होते आणि लोकांचा तिच्यावर डॉक्टरांपेक्षा जास्त विश्वास असतो. माझं म्हणणं असं, की भोर-वेल्ह्यासारख्या भागात एकट्या विडालवर बेतलेलं टायफॉईडचं निदान बरोबर असण्यापेक्षा चुकीचं असण्याचीच शक्यता जास्त. यात कागद देणाऱ्या लॅबवाल्याचा दोष असेलच असं नाही. त्यानं सगळं नीट केलं तरीही हे होतं, आणि का होतं ते समजायला थोडं जंतूशास्त्र आणि थोडं शाळेतलं गणित पुरतं.

टायफॉईड, म्हणजे सरकारी कागदावरचा विषमज्वर आणि आजीच्या तोंडचा मुदतीचा ताप, साल्मोनेला टायफी या जंतूमुळे होतो. त्याचा धाकटा भाऊ पॅराटायफी ए जवळजवळ तसाच आजार देतो. जंतू दूषित पाण्यातून किंवा अन्नातून पोटात जातो, आतड्याची भिंत ओलांडतो, आणि साधारण एक-दोन आठवडे गाजावाजा न करता यकृत, प्लीहा, हाडांचा मगज इथल्या पेशींमध्ये वाढतो. तिथून तो रक्तात उतरला की ताप चढू लागतो. कार्ल एबर्ट यांनी १८८० मध्ये हा जंतू मृतांच्या प्लीहेत आणि लसिकाग्रंथींत पाहिला. गेऑर्ग गाफ्की यांनी १८८४ मध्ये तो प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. जंतू सापडला तरी जिवंत रुग्णात तो पकडणं तेव्हा फार जिकिरीचं होतं. म्हणून १८९६ मध्ये पॅरिसच्या फेर्नां विडाल यांनी दुसरी वाट काढली. त्याच वर्षी व्हिएन्नात माक्स ग्रुबर आणि हर्बर्ट ड्युरम यांनी दाखवलं होतं, की जंतूला तोंड दिलेल्या शरीरातल्या रक्तद्रवात तो जंतू मिसळला तर जंतूंच्या गुठळ्या होतात. विडाल यांनी हेच तत्त्व रोग्याच्या खाटेपाशी नेलं. जंतू शोधायच्या भानगडीत न पडता जंतूविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिद्रव्यं शोधायची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही मोठी झेप होती. सव्वाशे वर्षांनंतरही आपण तिथंच उभे आहोत, ही मात्र विडाल यांची चूक म्हणता येणार नाही.

आजची विडाल बहुतेक ठिकाणी काचेच्या पट्टीवर होते. लॅबमध्ये दोन प्रकारचे मारलेले जंतू बाटल्यांत तयार मिळतात. एकात जंतूच्या अंगावरचा ‘ओ’ भाग, दुसऱ्यात त्याच्या शेपटासारख्या तंतूंवरचा ‘एच’ भाग. बघायला सोपं जावं म्हणून बहुतेक कंपन्या ओ निळा आणि एच लाल रंगवतात. रुग्णाचा रक्तद्रव पट्टीवर कमी-कमी मापानं घालायचा, वर जंतूचा थेंब टाकायचा, हलवायचं आणि मिनिटभरात रवाळ दाणे दिसतात का ते पाहायचं. ०.०८ मिलिलिटरला दाणे दिसले तर १:२०, ०.०१ मिलिलिटरलाही दिसले तर १:१६०. म्हणजे आकडा जितका मोठा, तितक्या थोड्या रक्तद्रवातही प्रतिद्रव्यं सापडली. नियमानं पट्टीवर पॉझिटिव्ह आलेली चाचणी नळ्यांमध्ये, रात्रभर ऊबेत ठेवून पुन्हा करायची असते. ओचे कण तळाशी खडूच्या भुकटीसारखे बसतात, एचचे कापसासारखे सैल. पण रात्रभर थांबायला वेळ कोणाला? वस्तीवर परतायची शेवटची एसटी गाठायची असते.

इथून अडचणी सुरू होतात. पहिली अडचण काळाची. प्रतिद्रव्यं साधारण पहिला आठवडा उलटल्यावर मोजण्याइतकी वाढतात, त्यामुळे चौथ्या दिवशी केलेली विडाल खऱ्या टायफॉईडमध्येही कोरी येऊ शकते. दुसरी अडचण स्मृतीची. एचविरुद्धची प्रतिद्रव्यं एकदा तयार झाली की वर्षानुवर्षं रक्तात राहतात. जुना टायफॉईड, जुनी लस, कधीतरी लक्षणं न दाखवता होऊन गेलेला संसर्ग, काहीही पुरतं. ओची प्रतिद्रव्यं काही महिन्यांत ओसरतात. पण ओचे काही अंश टायफीच्या भाऊबंद साल्मोनेलांवरही असतात, आणि त्यांच्यातल्या एखाद्यानं पोट बिघडवलं तरी टीओचा आकडा वर चढतो. तिसरी अडचण सगळ्यांत चमत्कारिक आहे. मलेरिया, डेंग्यू किंवा असाच दुसरा ताप आला की खवळलेली रोगप्रतिकारशक्ती जुनी प्रतिद्रव्यंही पुन्हा ओतायला लागते. ताप डेंग्यूचा आणि कागद टायफॉईडचा, असं त्यातून होतं. ‘आमच्या पोराला दर पावसाळ्यात टायफॉईड निघतो’ असं सांगणारी घरं या भागात पुष्कळ भेटतात. त्या पोराला दर पावसाळ्यात ताप येतो एवढं नक्की. टायफॉईड दर वर्षी येत असेल असं नाही. दर वर्षी त्याचा कागद येतो.

पुस्तकात यावर उतारा आहे. एकच विडाल न करता आठ-दहा दिवसांच्या अंतरानं दोनदा करायची आणि आकडा चौपट वाढला तर ती खूण मानायची. शिवाय त्या प्रदेशातल्या निरोगी लोकांत टीओ-टीएच सहसा किती असतं हे आधी मोजून त्याहून वरचा आकडाच धरायचा. व्यवहारात दुसऱ्या वेळी रक्त द्यायला कोणी येत नाही. ताप गेला की लॅबचा रस्ता कोण धरतो!

आता गणित. २०१७ ते २०२० या काळात भारतात टायफॉईडची एक मोठी पाहणी झाली. दिल्ली, कोलकाता, वेल्लोर आणि पुणे जिल्ह्यातल्या चार बालगटांवर तिच्यात नजर ठेवली होती. पुण्याचा गट होता शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकच्या परिसरातला, केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्राच्या ग्रामीण कार्यक्रमातला. सहा महिन्यांपासून चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या घरी नियमित चौकशी व्हायची आणि ताप तीन दिवस टिकला की रक्ताचं कल्चर. विडालला इथं थारा नव्हता. जो आकडा निघाला तो बघण्यासारखा आहे. शहरी गटांत दर एक लाख मुलांमागे वर्षाला ५७६ ते ११७३ रुग्ण सापडले. वढूच्या गावांत ३५. पंधरापटीहून जास्त फरक! वढू म्हणजे वेल्हे नव्हे, हे खरं. तिथं सपाटी, भीमेचा काठ आणि शेजारी औद्योगिक पट्टा. इथं डोंगर, झरे आणि विखुरलेल्या वाड्या. पण दाटीवाटीच्या झोपडपट्टीत पाण्याचा नळ आणि गटार एकमेकांना खेटून जातात, तशी रचना या दोन्ही ठिकाणी नाही, आणि टायफॉईड मुख्यतः त्या खेटण्यावर जगतो.

मग असं धरू, की भोर-वेल्ह्यात पावसाळ्यात तापाचे एक हजार रुग्ण तपासले आणि त्यांतल्या वीस जणांना खरोखर टायफॉईड आहे. परीक्षा बरीच चांगली धरू: खऱ्या रुग्णांपैकी ८० टक्के पकडते आणि टायफॉईड नसलेल्यांपैकी ८० टक्क्यांना बरोबर मोकळं सोडते. विसातले सोळा सापडले. उरलेल्या ९८० जणांपैकी मात्र १९६ जणांच्या कागदावर टायफॉईड उमटला. एकूण पॉझिटिव्ह २१२, त्यांत खरे सोळा. तेरा कागदांमागे एक! तीच परीक्षा, तोच लॅबवाला, तेच रसायन घेऊन एखाद्या महानगरी झोपडपट्टीत जा, जिथं हजारांतल्या दोनशे जणांना टायफॉईड आहे. तिथं १६० खरे आणि १६० खोटे पॉझिटिव्ह येतील, म्हणजे निम्मे तरी खरे. हे आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत, पण गणित पक्कं आहे. कागदावरच्या १:१६० चा अर्थ कागदावर लिहिलेला नसतो. तो आजूबाजूच्या गावांत रोग किती आहे त्यावर ठरतो.

विडालऐवजी टायफिडॉट किंवा ट्युबेक्स अशा नव्या झटपट पट्ट्या वापरल्या तर? त्या बऱ्या आहेत, फार बऱ्या नाहीत. २०१७ मध्ये जगभरातल्या अभ्यासांची जी एकत्र छाननी प्रसिद्ध झाली तिच्यात टायफिडॉटनं खऱ्या रुग्णांपैकी सुमारे ८४ टक्के पकडले आणि रोग नसलेल्यांपैकी ७९ टक्के बरोबर सोडले. ट्युबेक्सचे आकडे ७८ आणि ८७. वरच्या गणितात हे आकडे घालून पाहिलं तर ट्युबेक्सनं खोट्यांचा ढीग काहीसा लहान होतो, टायफिडॉटनं तेवढाही होत नाही. प्रतिद्रव्यांवर चालणाऱ्या सगळ्याच परीक्षांची ही मर्यादा आहे.

खात्री करायची तर जंतूच पकडावा लागतो आणि त्याचा रस्ता म्हणजे रक्ताचं कल्चर. ते ऐकायला भारी वाटतं, पण मूळ कल्पना साधी आहे. रक्त पोषक रसाच्या बाटलीत घालायचं, ३७ अंशांच्या आसपास ठेवायचं, जंतू असला तर वाढू द्यायचा. मेख आहे ती संख्येत. व्हिएतनाममध्ये टायफॉईडच्या रुग्णांच्या रक्तातले जंतू मोजले गेले तेव्हा मधला आकडा निघाला दर मिलिलिटरला एक. एका मिलिलिटरात एकच जिवंत जंतू, तोही पुष्कळदा पांढऱ्या पेशीच्या पोटात लपलेला. तांदळाच्या पोत्यात दोन-चारच खडे असतील तर चिमूटभर तांदूळ पाहून काय कळणार? मापटंभर घ्यायला हवेत. म्हणून कल्चरला मोठ्या माणसाचं आठ ते दहा मिलिलिटर रक्त लागतं, लहान मुलाचं दोन-तीन तरी. ‘एवढं रक्त कशाला काढता?’ म्हणून घरचे कुरकुरतात आणि नर्स मुलाच्या दंडाकडे बघून एकाच मिलिलिटरवर थांबते. कल्चर निगेटिव्ह येण्याचं एक मोठं कारण तिथंच तयार होतं.

एवढ्या रक्ताला तितकाच भरपूर रस लागतो. रक्तात जंतूला मारणारी द्रव्यं असतात, आधी घेतलेल्या गोळ्यांचा अंश असतो. पाचपट-दहापट रसात ते विरळ होतात. पूर्वी या रसात बैलाचं पित्त घालत. टायफीला पित्त मानवतं, म्हणूनच तो बऱ्या झालेल्या माणसाच्या पित्ताशयात वर्षानुवर्षं मुक्काम करू शकतो. हल्ली पुण्यातल्या मोठ्या प्रयोगशाळांमध्ये बॅक्टेकसारखी यंत्रं असतात. जंतू वाढू लागला की कार्बन डायऑक्साइड सोडतो, बाटलीच्या तळाशी असलेला संवेदक त्याची चाहूल घेतो आणि यंत्र दर दहा मिनिटांनी प्रत्येक बाटली तपासत राहतं. टायफी असला तर बहुधा एक-दोन दिवसांत घंटा वाजते. नसला तरी बाटली पाच दिवस ठेवतात.

घंटा वाजल्यानंतरचं काम मात्र माणसाच्या डोळ्यांचं आहे. बाटलीतला थेंब काचेवर घेऊन रंगवला की गुलाबी दांड्यांसारखे जंतू दिसतात. तोच थेंब मॅककाँकी नावाच्या खाद्यावर पसरला तर दुसऱ्या दिवशी फिकट, रंगहीन ठिपके उगवतात. ई-कोलाय असता तर ठिपके गुलाबी झाले असते, कारण तो दुधातली साखर पचवतो, टायफी पचवत नाही. मग तीन साखरा आणि लोह घातलेल्या एका तिरप्या नळीत तो टोचतात. टायफी तळाचा भाग पिवळा करतो, वरचा लालच ठेवतो आणि दोहोंच्या सांध्यावर जेमतेम दिसेल अशी काळी मिशी सोडतो, वायू न करता. पॅराटायफी ए वायू करतो, पण ही काळी खूण सहसा सोडत नाही. मला प्रयोगशाळेच्या सगळ्या कामात ही मिशी फार आवडते. शेवटी जंतू विशिष्ट प्रतिद्रव्यांच्या थेंबात घोळून बघायचा. टायफीच्या अंगावर व्हीआय नावाचं आवरण असतं आणि ते कधीकधी आतला ओ भाग इतका झाकून टाकतं की गुठळ्याच होत नाहीत. मग जंतूचं मिश्रण उकळून आवरण उतरवायचं आणि पुन्हा बघायचं. यातलं एकही पाऊल तासाभरात होणारं नाही. रक्त दिल्यापासून अंतिम कागद हाती येईपर्यंत तीन ते पाच दिवस जातात.

एवढं करूनही कल्चर सगळे रुग्ण पकडत नाही. उपलब्ध अभ्यासांचा मेळ घातला तर खऱ्या टायफॉईडमध्ये ते साधारण ६० टक्के वेळा पॉझिटिव्ह येतं. आधी अँटिबायोटिक पोटात गेलं असेल तर त्याहून कमी. हाडाच्या मगजाचं कल्चर ९० टक्क्यांच्या आसपास पोचतं, कारण जंतूंची वस्ती तिथं दाट असते आणि काही दिवस औषध घेतल्यावरही ती उठत नाही. पण कंबरेच्या हाडात सुई घालून मगज काढणं हे ज्याच्या तापाचा उलगडाच होत नाही अशा रुग्णासाठी, मोठ्या इस्पितळात करायचं काम. विष्ठेचं कल्चर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात उपयोगी पडतं. वैद्यकीय महाविद्यालयांतली मुलं हा क्रम ‘बासू’ म्हणून घोकतात: पहिल्या आठवड्यात ब्लड, दुसऱ्यात अँटिबॉडी, तिसऱ्यात स्टूल, चौथ्यात युरिन. तेव्हा कल्चर निगेटिव्ह आलं म्हणून टायफॉईड नाही असं ठामपणे म्हणता येत नाही, पण पॉझिटिव्ह आलं तर वादच संपतो. विडालच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी वाद शिल्लक राहतो.

मग टायफॉईडचा शिक्का बसलेले बाकीचे ताप कसले? भातखाचरांच्या मुलखात पहिला संशय लेप्टोस्पायरोसिसवर घ्यायला हवा. उंदरांच्या आणि जनावरांच्या लघवीतून हा जंतू साचलेल्या पाण्यात येतो, लावणी करणाऱ्याच्या पायाच्या भेगांतून आत शिरतो. पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाहीत, डोळे लाल होतात, काहींना कावीळ. डोंगरउतारावर, गवतात, जळणासाठी फिरणाऱ्यांत दुसरा संशय स्क्रब टायफसवर. टायफस आणि टायफॉईड या नावांपलीकडे दोघांचं नातं नाही. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यातून हा येतो आणि चाव्याच्या जागी विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली राहते. ती काखेत, जांघेत, स्तनाखाली असते. कपडे बाजूला करून शोधल्याशिवाय सापडत नाही. विदर्भात २०१८ च्या पावसाळ्यात या आजाराचा मोठा उद्रेक झाला, तेव्हा कुठे राज्यातल्या अनेक डॉक्टरांना ही खपली शोधायची सवय लागली. याशिवाय डेंग्यू आहे, मलेरिया आहे, साधे विषाणूजन्य ताप आहेत.

इथं एक फसवी गोष्ट घडते. विडाल पॉझिटिव्ह आली, ॲझिथ्रोमायसिन दिलं, ताप उतरला, म्हणजे टायफॉईडच होता, असा निष्कर्ष सगळे काढतात. पण ॲझिथ्रोमायसिन स्क्रब टायफसवरही चालतं, लेप्टोवरही काम करतं, आणि विषाणूजन्य ताप तर औषध न देताही आठवड्यात उतरतो. उलट खऱ्या टायफॉईडमध्ये योग्य औषध सुरू झाल्यावरही ताप उतरायला चार-सहा दिवस लागतात, आणि नेमक्या तेवढ्या दिवसांत घरचे डॉक्टर बदलतात. सेफ्ट्रायक्सोनची सुई लेप्टोला लागू पडते, स्क्रब टायफसला पडत नाही. म्हणजे टायफॉईडचा चुकीचा कागद हातात असलेला स्क्रब टायफसचा रुग्ण सलाईन आणि सुया घेत पडून राहतो आणि डॉक्सिसायक्लिनच्या स्वस्त गोळ्यांविना त्याचं यकृत नि फुप्फुस बिघडत जातं. विडालच्या चुकीतली सगळ्यांत महाग चूक ही.

रक्ताच्या साध्या तपासणीत, जी प्रत्येक ठिकाणी होते, एक खूण दडलेली असते. टायफॉईडमध्ये पांढऱ्या पेशी सहसा वाढत नाहीत, उलट थोड्या घटतात, आणि इओसिनोफिल नावाच्या पेशी जवळजवळ नाहीशा होतात. कागदावर इओसिनोफिल चार-पाच टक्के असतील तर टायफॉईडचा संशय थोडा सैल करायला हरकत नाही. ही खूण एकटी पुरेशी नाही. पण ‘पेशी किती?’ म्हणून फक्त प्लेटलेटचा आकडा विचारणाऱ्या आपल्या लोकांनी त्याच कागदावरची दुसरी ओळही डॉक्टरांना विचारावी.

आता बाटलीच्या प्रवासाकडे येऊ. वेल्ह्याला ग्रामीण रुग्णालय आहे, भोरला उपजिल्हा रुग्णालय. या ठिकाणी रक्त काढता येतं. ते वाढवून, ओळखून, औषधांशी झुंजवून बघण्याची पूर्ण सोय पुण्यात. वेल्हे तालुक्याला आता राजगड हे नाव मिळालं आहे, रस्ते मात्र तेच. केळदहून वेल्हे, वेल्ह्याहून विंझर-मार्गासनीमार्गे चेलाडी फाटा, तिथून महामार्ग आणि मग शहर. पानशेतकडच्या गावांना खडकवासल्याची वाट. भोरच्या हिर्डोशी खोऱ्यातून निघालं तर आधी नीरा-देवघर धरणाच्या कडेनं भोर, मग कापूरहोळ. वेल्हे किंवा भोरपासून पुणे पन्नास-साठ किलोमीटरवर आहे. दरड कोसळली नाही तर बाटली त्याच दिवशी पोचते. बाटलीची सोय मोठी की ती बर्फात ठेवायची नसते. उलट फ्रिजमध्ये ठेवली तर जंतूची वाढ खुंटते आणि निकाल बिघडतो. साध्या खोलीच्या तापमानात, उभी, उन्हापासून दूर ठेवून काही तासांत पोचवली की झालं. लशीच्या डब्याला जी शीतसाखळी लागते ती इथं नको. कल्चर महाग आहे, साधारण हजाराच्या आसपास खर्च येतो हे मान्य; पण पाच दिवसांच्या अनावश्यक सलाईनपुढे तो मोठा नाही. रक्त पहिल्या अँटिबायोटिकच्या आधी काढायचं, एवढी एकच अट कडक आहे. रक्त काढून झाल्यावर उपचार थांबवून ठेवायची गरज नसते. माणूस फार आजारी असेल तर औषध लगेच सुरू होतं आणि निकाल मागाहून येऊन त्याला दुरुस्त करतो.

ही दुरुस्ती हल्ली फार गरजेची झाली आहे. १९४८ मध्ये क्वालालंपूरला क्लोरॅम्फेनिकॉलनं टायफॉईड बरा होतो हे सिद्ध झालं आणि तीन-चार आठवड्यांची मुदत काही दिवसांवर आली. १९७२ मध्ये केरळात कालिकतला त्या औषधाला न जुमानणाऱ्या टायफीचा उद्रेक झाला. नव्वदच्या दशकापर्यंत तीन-तीन जुनी औषधं एकदम निकामी करणारे जंतू देशभर पसरले. त्यानंतर आलेल्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनची धारही आज भारतातल्या बहुतेक टायफींपुढे बोथट झाली आहे. पाकिस्तानातल्या सिंधमध्ये २०१६ पासून सेफ्ट्रायक्सोनलाही दाद न देणारा टायफी पसरला आणि मुंबईतही तसे काही जंतू सापडल्याचं प्रसिद्ध झालं आहे. विडालचा कागद यातलं काहीही सांगू शकत नाही. कल्चरमध्ये उगवलेल्या जंतूभोवती औषधांच्या चकत्या ठेवल्या की कुठली चकती त्याला दूर ठेवते ते दिसतं. डॉक्टरांना हवा असतो तो हा कागद.

कल्चरचा आणखी एक उपयोग रुग्णाच्या खाटेपासून दूर असतो. सरकारी रोगनिरीक्षणात गावपातळीवरचा संशयित ताप, डॉक्टरांचं प्राथमिक निदान आणि प्रयोगशाळेची खात्री अशा तीन वेगवेगळ्या नोंदी ठेवायच्या असतात. विडालच्या जोरावर दुसरी नोंद फुगते आणि तिसरी रिकामी राहते. मग कुठल्या गावात खरा टायफॉईड आहे हे कोणालाच कळत नाही. नवी मुंबई महापालिकेनं २०१८ मध्ये सार्वजनिक कार्यक्रमातून टायफॉईडची संयुग्म लस एक लाखाहून अधिक मुलांना दिली. जगात असं करणाऱ्या पहिल्यांपैकी ती होती, आणि तिथं लशीचा परिणाम मोजायला कल्चरच वापरलं गेलं. वेल्ह्याला तशी लस हवी की नको, की तो पैसा लेप्टोच्या प्रतिबंधावर आणि पाण्यावर खर्च करावा, हे ठरवायलाही आधी त्याच बाटल्या लागतील.

पाण्याचा मामला इथं विचित्र आहे. पानशेत, वरसगाव, गुंजवणी, भाटघर, नीरा-देवघर ही सगळी धरणं याच डोंगरांच्या कुशीत. पानशेत-वरसगावचं पाणी पुणे शहर पितं, गाळून, क्लोरीन घालून. धरणाच्या वरच्या अंगाच्या वाड्या मात्र पावसाळ्यात झऱ्याचं गढूळ पाणी पितात आणि काही वाड्यांना मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल पावडर घालतो, ओटी चाचणीचे थेंब टाकून पाणी पिवळं होतं का बघतो. पिवळं झालं म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. आरोग्य खातं पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देतं. दोनशे विडाल पॉझिटिव्ह निघाल्या तर यातल्या कुठल्या टाकीकडे धावायचं? पण एकाच वाडीतल्या दोघांच्या कल्चरमध्ये टायफी उगवला, तर त्या वाडीची विहीर, तिच्या वरच्या बाजूचे शौचखड्डे आणि तिथल्या सार्वजनिक जेवणावळीत हात घालणाऱ्या माणसांच्या विष्ठेची तपासणी, एवढंच काम उरतं. ते काम एक आरोग्य सेवक आणि एक जलसुरक्षक आठवडाभरात करू शकतात, आणि त्याच आठवड्यात त्या वाडीतून तापाचा तिसरा रुग्ण आला तर त्याचं रक्त पहिली सुई द्यायच्या आधी बाटलीत गेलेलं असायला हवं.